मिनिटांची दुखणी, महिन्यांची दुखणी

पायाला मुंग्या यायला लागल्या की आपल्या बऱ्हाणपुरात माणूस संध्याकाळीच ताकदीची लाल सुई टोचून घेतो. तोंड वाकडे झाले, हात उचलेनासा झाला, तर मात्र रात्रभर तेलाची मालिश चालते. कोणी कबुतराच्या रक्ताचा उपाय सांगते, कोणी उतारा काढते, आणि दवाखान्याचा विषय निघतो तो उजाडल्यावर. जिथे धावायचे तिथे आपण थांबतो आणि जिथे थांबून तपासणी करायची तिथे धावतो.

मज्जासंस्थेच्या काही दुखण्यांचा हिशेब मिनिटांत असतो, काहींचा महिन्यांत. कोणते दुखणे कुठल्या खात्यात जमा करायचे, एवढे घरातल्या प्रत्येकाला कळले पाहिजे. त्यासाठी आधी ही संस्था चालते कशी ते पाहू.

आतला कारभार

मेंदू आणि त्याच्याखाली पाठीच्या कण्यातून उतरणारा मज्जारज्जू हा झाला मध्यवर्ती भाग. तिथून निघालेल्या नसा पायाच्या अंगठ्यापर्यंत, आतड्यांपर्यंत, हृदयापर्यंत पोचतात. मेंदूतून अशा नसांच्या 12 जोड्या निघतात, मज्जारज्जूतून 31. मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. त्याचे वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के भरते. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के तो एकटाच खर्च करतो. शिवाय त्याच्याजवळ शिल्लक अशी काही नसते. रक्त थांबले की काही मिनिटांतच पेशी मरू लागतात.

नसेतून संदेश जातो तो विजेच्या सूक्ष्म लहरीने. सगळ्या नसा सारख्या वेगाच्या नसतात. उंबऱ्यावर अंगठा आपटला तर काय होते ते आठवा. आधी एक तीक्ष्ण कळ लगेच येते आणि साधारण सेकंदभराने मागून ती खोल, ठणकणारी वेदना. पहिली बातमी आवरण असलेल्या वेगवान तंतूंनी आणलेली असते, दुसरी आवरण नसलेल्या बारीक तंतूंनी. जाड, आवरणयुक्त तंतूंचा वेग सेकंदाला 100 मीटरपर्यंत जातो. बारीक तंतू सेकंदाला मीटरभरच चालतात. तापलेल्या तव्यावरून हात मागे येतो तेव्हा तर मेंदूची परवानगीही घेतलेली नसते. तो निर्णय मज्जारज्जूच परस्पर करून टाकतो.

नस जिथे संपते आणि स्नायू जिथे सुरू होतो, तिथे मध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. वीज ती फट ओलांडत नाही. नसेच्या टोकातून अॅसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते, ते स्नायूवर जाऊन बसते आणि स्नायू आकसतो. काम झाले की एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या रसायनाचे लगेच तुकडे करून जागा मोकळी करते. पापणी लवण्यापासून श्वास घेण्यापर्यंत प्रत्येक हालचाल या फटीतून होते. आपल्या भागातले दोन मोठे धोके नेमके इथेच घाव घालतात.

फवारणी आणि मण्यार

कपाशीवर मारली जाणारी क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधे किड्याला मारतात ती वर सांगितलेले विकर बंद पाडून. माणसातही तेच विकर आहे. ते बंद पडले की फटीतले रसायन साचत जाते आणि शरीर सगळीकडून वाहू लागते. लाळ, डोळ्यांतून पाणी, दरदरून घाम, उलटी, जुलाब सुरू होतात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, अंगावरचे स्नायू फडफडतात, छातीत कफ भरतो आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने आजारी पडले, त्यांतल्या काहींचा जीव गेला. त्यांनी औषध प्यायले नव्हते. ते नाकावाटे आणि त्याहून जास्त कातडीतून आत गेले होते.

म्हणून फवारणीच्या दिवशी एवढे पाळा. पिकाची उंची डोक्यावर गेली असेल तर फवारा आपल्याच अंगावर येतो. अशा वेळी पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच. नुसता गमछा भिजून अंगाला औषध चिकटवतो. वाऱ्याच्या उलट दिशेने चालू नका. अडकलेल्या नोझलला तोंडाने फुंकर मारू नका. मध्येच तंबाखू मळू नका. दोन-तीन औषधांची मनाने खिचडी करू नका. घरी आल्यावर आधी साबणाने अंघोळ, मग लेकराला जवळ घेणे. आणि ते कपडे वेगळे धुवा. डब्यावरचा त्रिकोण पाहायची सवय लावा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा.

त्रास सुरू झालाच तर माणसाला शेतातून बाहेर काढा, कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. डब्यावर उताराही छापलेला असतो. या प्रकारच्या विषबाधेत अॅट्रोपिन वेळेवर मिळाले तर जीव वाचतो. मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे टाळा, ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

दुसरा धोका सापाचा. मण्यार नस आणि स्नायू यांच्यामधल्या याच फटीवर उलट्या बाजूने घाव घालते. तिचे विष नसेच्या टोकातून रसायन सुटूच देत नाही. स्नायूला हुकूमच पोचत नाही आणि माणूस हळूहळू लुळा पडतो. ही रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश इतका बारीक की जाग येईलच असे नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, पापण्या जड होऊन उघडत नाहीत, गिळता येत नाही. घरचे म्हणतात, अपचन झाले असेल. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी उघडत नसतील तर दंशाची खूण शोधत बसू नका, थेट सरकारी दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष लस आपल्याकडे वापरतात. चीर देणे, आवळून दोरी बांधणे, कडुनिंबाचा पाला चावायला देऊन चव विचारणे यात फक्त वेळ जातो. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका आणि माणसाला चालवू नका. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे हा यावरचा सर्वांत स्वस्त बंदोबस्त.

लकवा: साडेचार तास

लकवा म्हणजे बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी, काही वेळा फुटलेली रक्तवाहिनी. मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यायचे असते, आणि तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. आता आपला रस्ता मोजा. खंडवा सत्तर किलोमीटरच्या आसपास, जळगाव शंभराच्या आसपास, इंदूर 180 च्या आसपास. घाटात ट्रकांची रांग लागली तर इंदूर गाठेपर्यंतच ती मुदत संपत येते. म्हणजे घरात निर्णयाला मिळतात ती मोजकी मिनिटे.

ओळखायचे कसे? माणसाला हसायला सांगा, तोंडाची एक बाजू खाली ओढली जाते का पाहा. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक हात खाली घसरतो का पाहा. एक सोपे वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळते का ऐका. अचानक तोल जाणे किंवा एका डोळ्याने दिसेनासे होणे हेही त्यातच आले. यातले एकही दिसले की 108 ला फोन करा. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. झोपेतून उठल्यावर लक्षण दिसले तर रात्री झोपतानाची वेळ लिहा. पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका, ते फुप्फुसात जाऊ शकते. ‘रक्त पातळ करायची’ गोळी घरच्या घरी देऊ नका. आत रक्तस्राव असेल तर तीच घात करेल.

आणि दहा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले तर? तरीही त्याच दिवशी दवाखाना. पुढचा मोठा झटका बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांतच येतो, आणि तो टाळायची संधी हीच.

फक्त चेहऱ्याचा लकवा वेगळाही असू शकतो. त्यात चेहऱ्याची नस सुजते आणि कपाळावर आठ्याही पडत नाहीत, डोळा मिटत नाही. तो बहुधा बरा होतो. पण त्याचे औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर जास्त गुण येतो, आणि उघड्या राहिलेल्या डोळ्याला जपावे लागते. दुखणे फक्त चेहऱ्याच्या नसेचे की मेंदूचे, हे घरी ठरवायच्या फंदात मात्र पडू नका.

बऱ्हाणपुरात आयुर्वेदाचे महाविद्यालय आहे, युनानीचेही आहे, आणि दोन्हींवर लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास आहे. लकव्यानंतरच्या महिन्यांत मालिश, पथ्य, व्यायाम यांची सोबत कोणाला हवीशी वाटली तर डॉक्टरांना सांगून ती घेता येते. पहिल्या तासांत मात्र सीटी स्कॅनला पर्याय नाही.

लकव्याचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब, आणि तो बहुतेकांना जाणवत नाही. डोके दुखत नाही म्हणून गोळी सोडणारे घरोघरी आहेत. 140/90 च्या वर आकडा वारंवार येत असेल तर उपचार हवा, आणि डॉक्टर सांगेपर्यंत गोळी चालूच हवी. तंबाखू आणि गुटखाही रक्तवाहिन्यांच्या मुळावर येतात.

पायापासून वर चढणारे नुकसान

आता महिन्यांचे खाते. शरीरातल्या सर्वांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात. इतक्या लांबवर पोषण पोचवणे पेशीला जड जाते, म्हणून साखर वाढली की आधी तिथेच बिघडते. मुंग्या, तळव्यांची आग, रुईवर चालल्यासारखे वाटणे, आणि मग काहीच न वाटणे. हे शेवटचे सर्वांत वाईट. दुखणे थांबले म्हणून माणूस खूश होतो आणि खिळा रुतला तरी त्याला कळत नाही.

मधुमेह असलेल्याची घरी करून पाहावी अशी एक चाचणी आहे. इंग्लंडमधल्या इप्स्विचच्या डॉक्टरांनी ती रूढ केली. आईला किंवा वडिलांना खाटेवर पाय लांब करून झोपवा आणि डोळे मिटायला सांगा. आपल्या तर्जनीच्या टोकाने त्यांच्या पायाचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एकेक करून सेकंद-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबायचे नाही, घासायचे नाही. स्पर्श कळला की त्यांनी ‘डावा’ किंवा ‘उजवा’ म्हणायचे. दोन्ही पाय मिळून सहा जागा होतात. दोन किंवा अधिक जागी स्पर्श कळला नाही तर संवेदना घटली आहे असे समजा आणि डॉक्टरांकडून पाय नीट तपासून घ्या.

अशा पायांना निमाडचा उन्हाळा वैरी. वैशाखात देवळाच्या, दर्ग्याच्या किंवा गुरुद्वाराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चार पावले टाकली तरी तळव्याला फोड येतात आणि घरी आल्यावर पाय धुताना ते दिसतात. इच्छापूरच्या देवीला अनवाणी चालत जायचा नवस बोललेला असेल, तर पाय तपासून घेतल्याशिवाय निघू नका. पाय दुखतात म्हणून गरम पाण्यात बुडवू नका, शेकोटीला धरू नका. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा.

मुंग्यांचे दुसरे मोठे कारण बी-12 ची कमतरता. हे जीवनसत्त्व नसेवरचे आवरण टिकवते. विजेच्या वायरीचे वेष्टण झिजले की प्रवाह गळतो, तसे आवरण गेले की संदेश वाटेतच विरतो. बी-12 दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते, धान्य-भाजीतून मिळत नाही. आपल्या केळ्यात पोटॅशियम आहे, बी-6 आहे, बी-12 नाही. पिढीजात शाकाहारी घरांत, विशेषतः दूधही कमी असेल तिथे, कमतरता सर्रास आढळते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ती वाढते, अॅसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्यांतही. एक खूण लक्षात ठेवा. सकाळी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो. कारण पायांकडून मेंदूला मिळणारी ‘मी कुठे आहे’ ही खबर तुटलेली असते आणि माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा असतो.

मग लाल सुई घेतली तर बिघडले कुठे? ती बी-12 चीच असते हे खरे. पण तपासणीच्या आधी टोचून घेतली की रक्तातला आकडा चांगला दिसतो, आणि मूळ कारण, मग ते साखर असो, थायरॉइड असो की मणक्यात दबलेली नस, झाकलेले राहते. आधी रक्त द्या, मग सुई. ‘नसांच्या ताकदीच्या’ गोळ्याही मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका. त्यांतले बी-6 जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतले तर त्यानेच नसा बिघडतात.

मुंग्यांऐवजी अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श, गरम-थंड कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा. लाजण्यासारखे त्यात काही नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर घ्यावे लागते, आणि लवकर सुरू केले तर हाता-पायांच्या नसा वाचतात.

लूम, पाळी आणि बैठक

लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, शेडमध्ये आवाज बहुधा 90 डेसिबलच्या वर असतो. हातभर अंतरावरच्या माणसाला ओरडून सांगावे लागत असेल तर तो आवाज कानाला घातक आहे, एवढे माप पुरे. कानाच्या आत केसांसारख्या पेशी आवाजाचे रूपांतर नसेच्या संदेशात करतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच स्वर जातात, म्हणून बायका-मुलांचे बोलणे ‘ऐकू येते पण कळत नाही’ अशी तक्रार सुरू होते. रात्री कानात शिट्टी वाजते. कापसाचा बोळा पुरेसा नाही. फोमचे इअरप्लग बोटांत वळून कानात खोल बसवायचे असतात, आणि ते महाग नसतात. घरातच लूम असेल तर पाळण्यातल्या बाळाची जागा भिंतीपलीकडे ठेवा.

रात्रपाळीवाल्यांनी झोपेला कामाइतकेच महत्त्व द्यावे. सकाळी घरी आल्यावर खोलीत अंधार करा, फोन बाहेर ठेवा, पाळीच्या शेवटच्या काही तासांत चहा टाळा. थकवा घालवायला दारू घेणाऱ्यांना झोप तर उथळ मिळतेच, शिवाय दारू थेट नसांनाही जाळते.

निंदणी किंवा वेचणी करताना तासन्‌तास उकिडवे बसणाऱ्यांनी एक जपावे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडे खाली, हाडाचा उंचवटा हाताला लागतो. तिथून एक नस कातडीच्या अगदी जवळून वळते. ती फार वेळ दबली की पाऊल वर उचलता येत नाही, चप्पल पायातून निसटते. दर अर्ध्या तासाने उठून दहा पावले चाला. पाऊल उचलेनासे झालेच तर मालिश करत बसू नका, दाखवून घ्या. दाब वेळीच गेला तर ती नस बहुधा सावरते.

आता पुन्हा मिनिटांचे खाते. मे महिन्यात शेतात कोणी बडबडू लागला, चालता चालता भलतीकडे वळला, तर ऊन मेंदूपर्यंत पोचले असे समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि मग गाडी. शुद्धीवर नसलेल्याला पाणी पाजू नका. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका; कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. फिट पाच मिनिटांहून लांबली किंवा शुद्ध न येता दुसरी आली तर तो मामला मिनिटांच्या खात्यातला.

घरात आजच करून ठेवायचे

एक कागद घ्या. त्यावर 108 लिहा, मग रात्री दोन वाजता उचलेल अशा गाडीवाल्याचा नंबर. सीटी स्कॅन चोवीस तास कुठे होतो आणि लकव्याचे इंजेक्शन कुठे मिळते, हे जिल्हा रुग्णालयात आणि ओळखीच्या डॉक्टरांकडे दिवसाढवळ्या विचारून घ्या आणि तेही लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या चालू गोळ्यांची नावे खाली लिहा. तिशीच्या पुढे सगळ्यांनी वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी. मधुमेह असेल तर पायांची स्पर्शचाचणी महिन्याला एकदा करावी, आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-12 किती दिवसांनी पाहायचे ते डॉक्टरांना विचारावे. कागद दाराच्या मागे चिकटवा आणि शाळेत जाणाऱ्या पोराकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या. झटका येईल त्या वेळी घरात फोन करायला कदाचित तेवढा एकटाच असेल.